हजेरीपटावरची गैरहजर मुलगी

शाळेची घंटा वाजते. बाकं सरकल्याचा आवाज, पोरांची कुजबुज, आणि मग मास्तर हजेरी घ्यायला लागतात. एकेक नाव पुकारलं जातं, मुलं ओ देतात. एका नावापाशी मात्र गाडी अडते. लॉरिन हिल. कुणी ओ देत नाही. मास्तर दुसऱ्यांदा पुकारतात, तिसऱ्यांदा पुकारतात. ही मुलगी आज शाळेत आलेलीच नाही.

२५ ऑगस्ट १९९८ला अमेरिकेत प्रसिद्ध झालेला 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल' हा अल्बम असा सुरू होतो. तेवीस वर्षांच्या एका रॅपरचा हा पहिला एकल अल्बम. पहिल्या अल्बमच्या पहिल्याच क्षणी कलाकार छाती पुढे काढून 'मी आले' म्हणेल, असं कुणालाही वाटेल; हिपहॉपमध्ये तर तशी रीतच होती. इथे मात्र जिच्या नावाचा अल्बम, तीच गैरहजर. मुखपृष्ठही तसंच. लाकडी बाकावर कोरलेला तिचा चेहरा. शाळेच्या बाकावर कर्कटकाने नाव कोरलेल्या कुणालाही ते चित्र समजावून सांगावं लागणार नाही.

ही मुलगी शाळेत नव्हती तर होती कुठे? या अल्बमचा इतिहास म्हणजे याच प्रश्नाचं उत्तर आहे, असं मला वाटतं.

तिचा मुलूख न्यू जर्सी राज्यातला. न्यूयॉर्कहून हडसन नदी ओलांडून पश्चिमेला गेलं की नूअर्क शहर लागतं आणि त्याला खेटून ईस्ट ऑरेंज, साउथ ऑरेंज ही गावं. जुलै १९६७मध्ये नूअर्कमध्ये दंगल उसळली. एका काळ्या टॅक्सीचालकाला पोलिसांनी मारहाण केल्याचं निमित्त झालं, पाच दिवस शहर जळत राहिलं, २६ माणसं मेली. आधीच सुरू झालेलं गोऱ्यांचं स्थलांतर त्यानंतर आणखी वेगाने झालं. त्यांच्या मागोमाग पैसा गेला, दुकानं गेली. मागे राहिले ते बहुतांशी काळे लोक, त्यांची चर्च, त्यांचे कवी आणि त्यांच्या तबकड्या. त्या दंगलीत पोलिसांच्या हातून डोकं फुटलेला एक कवी नूअर्कमध्ये राहत होता. पुढे तो अमिरी बराका या नावाने ओळखला गेला. त्याचा मुलगा रास याच शहरात वाढला. हे नाव ध्यानात ठेवावं, कारण अल्बमच्या सुरुवातीला हजेरी घेणारे मास्तर तेच.

लॉरिनचा जन्म २६ मे १९७५चा. आई व्हॅलरी इंग्रजीच्या शिक्षिका, वडील माल हिल संगणक क्षेत्रातले सल्लागार. घर सुखवस्तू, पण गल्ली ओलांडली की गरिबी सुरू. घरात आईच्या जुन्या, छोट्या ४५ आरपीएमच्या तबकड्यांचा ढीग पडलेला होता. सोल, मोटाउन, साठ-सत्तरच्या दशकातला सगळा काळा गळा त्यात होता. तो ढीग लॉरिनच्या हाती लागला आणि ती तासन्‌तास त्यात रमू लागली. तिची एक शाळा ही होती.

दुसरी शाळा हार्लेममधल्या अपोलो थिएटरची. तिथल्या हौशी कलाकारांच्या रात्री प्रेक्षकांना हुर्यो उडवायची पूर्ण मुभा असते, आणि ती मुभा ते मनसोक्त वापरतात. तेरा वर्षांची लॉरिन तिथे गायला उभी राहिली. घाबरून माइकपासून लांबच उभी होती. गर्दीने हुर्यो उडवायला सुरुवात केली. मग पोरगी माइकजवळ सरकली आणि शेवटपर्यंत गायली, आणि तीच गर्दी टाळ्या वाजवू लागली. तमाशाच्या फडात पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या पोरीला हा अनुभव परका वाटणार नाही.

शाळेत असतानाच प्राझ मिशेलने तिला आपल्या गटात ओढलं, मागून वायक्लेफ जाँ आला. दोघेही हैतीच्या मुळाचे. हैतीतून आलेल्यांना अमेरिकेत 'रेफ्युजी', म्हणजे निर्वासित, म्हणून हिणवलं जाई; या तिघांनी ती शिवीच उचलून आपलं नाव केलं, फ्युजीज. फेब्रुवारी १९९६मध्ये आलेल्या त्यांच्या 'द स्कोर' या दुसऱ्या अल्बमने त्यांना जगभर नेलं. त्याआधी लॉरिनने 'सिस्टर अ‍ॅक्ट २' या चित्रपटात काम केलं होतं, आणि कोलंबिया विद्यापीठात जेमतेम वर्षभर शिकलीही होती. मराठी माणसाला हे विद्यापीठ बाबासाहेबांमुळे ठाऊक. १९१३ ते १९१६ या काळात ते तिथे शिकले, आणि जातीच्या प्रश्नावरचा त्यांचा पहिला महत्त्वाचा निबंध त्याच आवारात वाचला गेला. लॉरिन तिथे टिकली नाही. गाण्याने तिला बाहेर ओढून नेलं.

'द स्कोर'नंतर गटात तडे गेले. वायक्लेफ आणि लॉरिन यांचं नातं फक्त गाण्यापुरतं नव्हतं, हे पुढे वायक्लेफनेच आपल्या आत्मकथनात लिहिलं. ते तुटलं. १९९७च्या उन्हाळ्यात त्याचा स्वतंत्र अल्बम आला. लॉरिन तेव्हा गरोदर होती. बाळाचा बाप रोहन मार्ली, बॉब मार्लीचा मुलगा. ती बावीस वर्षांची, यशाच्या शिखरावर, आणि आजूबाजूची माणसं तिला सांगत होती की आता मूल नको, कारकीर्दीचा विचार कर. सल्ला देणारे आपल्याला डोक्याने विचार करायला सांगत होते आणि आपण मात्र मनाचं ऐकलं, हे तिने पुढे गाण्यातच सांगितलं. ३ ऑगस्ट १९९७ला झायन जन्मला. अल्बममधलं 'टू झायन' हे गाणं त्याच्यासाठी. त्यात कार्लोस सांतानाची गिटार आहे आणि लष्करी संचलनासारखा चालणारा ताशा. आईपण हा हिपहॉपचा विषय होऊ शकतो, हे त्या गाण्याआधी फारसं कुणी मानत नव्हतं. रॅपर आपल्या आईवर गाणी करत, पण स्वतः आई असलेली रॅपर आपल्या पोटच्या पोराशी बोलतेय, हे नवं होतं.

बायका रॅप करत नव्हत्या असं मात्र मुळीच नाही. एमसी लाइटचा पूर्ण अल्बम १९८८मध्येच आला होता. १९८९मध्ये क्वीन लतीफाचा आला. ती नूअर्कचीच, म्हणजे लॉरिनच्या शेजारच्या गल्लीतलीच म्हणायची. ती वाट आधी कुणी तरी तुडवून ठेवली होती, हे इथे सांगायलाच हवं, कारण लॉरिनच्या यशाच्या गोष्टीत या थोरल्या बहिणींची नावं नेहमी गाळली जातात.

गरोदरपणात तिच्यातून लिखाण धो-धो वाहू लागलं, असं ती सांगे. अरीथा फ्रँकलिनसाठी तिने 'अ रोझ इज स्टिल अ रोझ' लिहिलं आणि त्याची निर्मितीही केली. ज्या आवाजाच्या तबकड्या आईच्या ढिगात होत्या, त्याच आवाजासाठी गाणं लिहायची वेळ बाविसाव्या वर्षी आली. त्यानंतर स्वतःचा अल्बम. ध्वनिमुद्रण १९९७च्या अखेरीस सुरू झालं आणि १९९८च्या मध्यापर्यंत चाललं. काही न्यूयॉर्कमध्ये, काही न्यू जर्सीत, आणि काही जमैकात, किंग्स्टनमधल्या टफ गाँग स्टुडिओत. बॉब मार्लीने उभी केलेली ही संस्था. तो १९८१मध्ये गेला, पण त्याचं कुटुंब तिथे होतं. आणि लॉरिन आता त्या घरचीच होती.

ध्वनितंत्रज्ञ गॉर्डन विल्यम्स यांनी किंग्स्टनमधल्या पहिल्या सकाळची आठवण सांगितली आहे. स्टुडिओशेजारच्या खोलीत लॉरिनभोवती मार्लींची पंधराएक नातवंडं गोळा झाली होती. ती एक कडवं म्हणू लागली, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटचा शब्द पोरं एका सुरात ओरडून पुन्हा म्हणू लागली. पाढे म्हणताना वर्ग जसा शेवटचा आकडा ठणकावून म्हणतो, अगदी तसं. त्यातून 'लॉस्ट वन्स' हे गाणं जन्मलं. हे अल्बममधलं सर्वांत धारदार गाणं, दगा दिलेल्या जुन्या सोबत्याला उद्देशून म्हटलेलं. त्यात जमैकाच्या सिस्टर नॅन्सीच्या 'बाम बाम'चे सूर मिसळले आहेत. एवढं कडू गाणं इतक्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या गराड्यात तयार झालं, हे ठाऊक झाल्यापासून मी ते गाणं वेगळ्याच कानांनी ऐकतो.

अल्बमच्या नादाबद्दल तिचा हट्ट होता. त्या काळात रॅप म्हणजे मुख्यतः जुन्या तबकडीचा तुकडा उचलायचा, तो फिरवत ठेवायचा आणि वर बोलायचं. लॉरिनला ते पुरेसं वाटत नव्हतं. तिला माणसांनी वाजवलेली वाद्यं हवी होती. वीणेसारखी हार्प, टिंपनी, ऑर्गन, पितळी वाद्यं हवी होती, आणि त्याखाली हिपहॉपचा जाड ठेका. आवाज घासूनपुसून गुळगुळीत करायलाही तिची तयारी नव्हती. गळ्यातली खरखर तशीच राहू द्या, हे तिचं म्हणणं. 'एव्हरीथिंग इज एव्हरीथिंग'मध्ये पियानो वाजवणारा मुलगा तेव्हा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकत होता. पुढे तो जॉन लेजंड नावाने प्रसिद्ध झाला. मेरी जे. ब्लाइज आणि डी'अँजेलो एकेका गाण्यात तिच्याबरोबर गायले. ती स्वतः एकाच गाण्यात कधी फटकारल्यासारखं बोलते आणि पुढच्याच क्षणी गळा मोकळा सोडून गाते. रॅप आणि गाणं या दोन खोल्यांमधली भिंत तिने पाडली. आज रॅपरने गाणं यात कुणाला नवल वाटत नाही; १९९८मध्ये वाटलं होतं.

आणि तो वर्ग? तो कुठल्याही शाळेत भरलेला नव्हता. न्यू जर्सीतल्या लॉरिनच्या घरी दिवाणखान्यात मुलं बसवली गेली आणि पुढे उभे राहिले रास बराका, जे खरोखरच शिक्षक होते आणि कवीही. फळ्यावर त्यांनी एकच शब्द लिहिला, प्रेम. प्रेमावरची गाणी कुठली माहीत आहेत, चित्रपट कुठले, प्रेमात पडणं म्हणजे काय, असं ते विचारत गेले आणि मुलं आपापल्या अकलेने उत्तरं देत गेली. कुणी लाजतं, कुणी वाद घालतं, कुणी एकदम काळजाला हात घालणारं बोलून जातं. त्यातले तुकडे गाण्यांच्या मध्ये पेरले आहेत. गाण्यात लॉरिन प्रेमाने पोळल्याचं सांगते, आणि गाणं संपताच दहा-बारा वर्षांची पोरं प्रेमाची व्याख्या करू लागतात. ज्या धड्याला ती हजर नव्हती तो हाच, आणि तो ती बाहेर, आयुष्यात शिकून आली.

नावातला 'मिसएज्युकेशन' हा शब्द तिचा नव्हे. १९३३मध्ये कार्टर जी. वुडसन यांनी 'द मिस-एज्युकेशन ऑफ द नीग्रो' हे पुस्तक लिहिलं. वुडसन यांचा जन्म १८७५चा, आईवडील दोघेही पूर्वी गुलामगिरीत राहिलेले. तरुणपणी ते कोळशाच्या खाणीत राबले, वयाच्या विसाव्या वर्षी हायस्कूलमध्ये दाखल झाले, आणि १९१२मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली. हार्वर्डमधून पीएचडी झालेले ते दुसरे काळे विद्वान, पहिले डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस. वुडसन यांचं म्हणणं थोडक्यात असं, की गोऱ्यांच्या पुस्तकांतून शिकलेला काळा मुलगा सगळ्यात आधी स्वतःला तुच्छ मानायला शिकतो. मग त्याला कुणी हाकलावं लागत नाही, तो आपणहून मागच्या दाराने जातो. हे वाचताना महात्मा फुले आठवल्याशिवाय राहत नाहीत. १८७३च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका त्यांनी अमेरिकेत काळ्यांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांच्या नावे लिहिली होती. शिक्षण कुणाच्या हाती आहे, यावर माणसाचं माणूसपण ठरतं, हे पुण्यात बसून त्यांनी वुडसन यांच्या जन्माआधी ओळखलं होतं.

वुडसन यांनी समाजाबद्दल म्हटलं ते लॉरिनने एका बाईच्या मनाला लावलं. प्रेम, यश, देह, पैसा यांबद्दल तिला जे शिकवलं गेलं ते चुकीचं होतं, आणि आता ते पुसून नव्याने शिकायचं आहे. मोठ्या इतिहासकाराच्या पुस्तकाचं नाव तेवीस वर्षांच्या गायिकेने स्वतःच्या नावाला जोडणं तेव्हा काहींना आगाऊपणा वाटला असेल. मला ती शिष्याने गुरूला दिलेली दाद वाटते.

बाजारात काय झालं ते भराभर सांगतो. पहिल्या आठवड्यात ४ लाख २२ हजारांहून अधिक प्रती खपल्या. स्त्री कलाकारासाठी पहिल्या आठवड्याचा तोवरचा हा उच्चांक होता. ते वर्षच हिपहॉपचं होतं. १९९६मध्ये टुपाक आणि १९९७मध्ये बिगी हे रॅपर गोळ्यांना बळी पडल्यावर हे संगीत आता संपलं, असं म्हणणारे पुष्कळ होते. पण १९९८मध्ये अमेरिकेत रॅपच्या ८ कोटी १० लाखांहून अधिक सीडी, कॅसेटी आणि तबकड्या विकल्या गेल्या आणि तोवर पहिल्या क्रमांकावर असलेलं कंट्री संगीत ७ कोटी २० लाखांवर मागे पडलं. हे आकडे देणाऱ्या 'टाइम' साप्ताहिकाच्या फेब्रुवारी १९९९च्या अंकावर चेहरा होता लॉरिनचा.

नोव्हेंबर १९९८ या एका महिन्यावर मात्र थांबायला हवं. 'डू वॉप (दॅट थिंग)' हे गाणं त्या महिन्यात बिलबोर्डच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झालं. त्याच्या चित्रफितीत पडदा उभा दुभंगलेला आहे. एका बाजूला १९६७चा न्यूयॉर्कमधला रस्ता, दुसऱ्या बाजूला १९९८चा तोच रस्ता, आणि दोन्हीकडे लॉरिन. त्याच आठवड्यात तिला दुसरं मूल झालं, सीला नावाची मुलगी. आणि त्याच महिन्यात तिच्यावर खटला दाखल झाला.

खटला दाखल करणारे चौघे तरुण 'न्यू आर्क' या नावाने एकत्र काम करत. नूअर्क शहराचंच नाव फोडून केलेलं हे नाव. नवी नौका, असाही त्याचा अर्थ. घरच्या स्टुडिओत आम्ही तिच्याबरोबर दिवसरात्र बसलो, अनेक गाण्यांचं लेखन आणि निर्मिती आमचीही आहे, पण वेष्टनावर त्याचं श्रेय आम्हाला मिळालं नाही, असा त्यांचा दावा होता. लॉरिनच्या बाजूचं म्हणणं, की त्यांच्या कामाचं श्रेय आणि मोबदला दिला गेला आहे आणि आता ते हक्काहून जास्त मागत आहेत. फेब्रुवारी २००१मध्ये प्रकरण न्यायालयाबाहेर मिटलं. ५० लाख डॉलर दिल्याचं तेव्हा छापून आलं.

कोण किती खरं, याचा निवाडा झालाच नाही, त्यामुळे तो मी करू शकत नाही. पण हे प्रकरण मला अल्बमच्या बाहेरचं वाटत नाही. एका खोलीत पाच-सहा जण बसून ठेका धरतात, कुणी सूर सुचवतो, कुणी शब्द फिरवतो, आणि पहाटेपर्यंत गाणं उभं राहतं. मग ते कुणाचं? शाहिराच्या कवनात त्याच्या ढोलकीवाल्याचा वाटा किती, हा प्रश्न आपल्याकडेही कधी सुटला नाही. नाव शाहिराचंच राहिलं. त्यातून लॉरिन बाई होती. गटात असताना तिच्या कामाचं श्रेय पुरुषांकडे जातंय, ही खंत तिला होती, म्हणून यावेळी सगळं आपल्याच नावावर असावं, अशी तिची आच समजू शकते. पण ज्या अल्बमची सुरुवात हजेरीने होते, त्याच्या वेष्टनावरच्या हजेरीपटावर आपली नावं नीट लिहिली नाहीत, असं त्यात राबलेल्यांनाच वाटावं, हे मला सलत आलं आहे. अल्बमवरच्या माझ्या प्रेमाने तो सल कमी होत नाही.

२४ फेब्रुवारी १९९९ला लॉस एंजेलिसमध्ये ग्रॅमी सोहळा झाला. लॉरिनला दहा नामांकनं होती, पाच पारितोषिकं मिळाली. एका रात्रीत पाच ग्रॅमी मिळवणारी ती पहिली स्त्री. वर्षातला सर्वोत्कृष्ट अल्बम म्हणून तोवर एकाही हिपहॉप अल्बमची निवड झाली नव्हती. तो मान तिला मिळाला. त्या पारितोषिकाच्या स्पर्धेत मडोना, शनाया ट्वेन, शेरिल क्रो आणि शर्ली मॅन्सन गायिका असलेला गार्बेज हा गट होता, म्हणजे त्या वर्षी पाचही अल्बम बायकांच्या गळ्यातले. पारितोषिक घ्यायला ती बायबल घेऊन आली आणि चाळिसाव्या स्तोत्रातला भाग वाचला. हे हिपहॉप आहे, याचंच तिला मंचावर नवल वाटत होतं.

त्यानंतर तिने स्टुडिओत बसून दुसरा अल्बम केला नाही. २००२मध्ये एमटीव्हीच्या मैफलीची ध्वनिमुद्रिका आली. नुसती गिटार घेऊन बसलेली, रडणारी, बराच वेळ बोलत राहणारी लॉरिन त्यात ऐकू येते. टीकाकार बुचकळ्यात पडले. लोक दुसऱ्या अल्बमची वाट पाहत राहिले. आता पाव शतक उलटून गेलं. एवढं मोठं यश ज्याच्या वाट्याला आलं त्याने गप्प बसणं जगाला मानवत नाही, म्हणून तिच्याबद्दल कडवट पुष्कळ लिहिलं गेलं. मला त्या लिखाणात रस नाही. तेरा गाणी आणि शेवटी न सांगता जोडलेली आणखी दोन, एवढ्यात तिने जे सांगायचं ते सांगितलं असेल.

हजेरी घेणारे मास्तर मात्र काम करत राहिले. रास बराका पुढे नूअर्कमधल्या सेंट्रल हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले, आणि २०१४मध्ये शहराचे महापौर. ज्या शहराच्या पोलिसांनी वडिलांचं डोकं फोडलं होतं, त्या शहराचा पोलिसविभाग आता मुलाच्या अखत्यारीत आला.

मार्च २०१५मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीसाठी निवडलेल्या नव्या मुद्रणांची यादी जाहीर केली. देशाने कायम जपून ठेवावेत असे आवाज या नोंदवहीत जातात. त्या यादीत 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल' होता. वुडसन वॉशिंग्टनमध्येच राहत. काळ्या लोकांच्या इतिहासाची हजारो कागदपत्रं त्यांनी जमवली होती. गुलामांची पत्रं, मुक्तीचे दाखले, खरेदीखतं असा तो संग्रह त्यांनी याच ग्रंथालयाच्या हवाली केला आणि तो आजही तिथे आहे. आता त्याच ग्रंथालयाच्या नोंदवहीत एक शाळेची घंटा आहे, पोरांची कुजबुज आहे, आणि एक मास्तर आहेत, जे एका मुलीचं नाव तीनदा पुकारतात.